उजवीकडचा लपवलेला रकाना

३ जून

प्रिय मावशी,

नमस्कार. माझं पत्र आलेलं बघून तू आधी चष्मा पुसशील आणि मग आईला फोन करून विचारशील की पोरीला बरं आहे ना. बरं आहे. फोनवर विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी फोनवर शिकवत नाही, प्रश्न कागदावर लिही, लिहिताना अर्धं उत्तर सापडतं. म्हणून सरळ कागदावरच आले.

मी एक परीक्षा देतेय. नव्या नोकरीत पुढे जायचं तर ती द्यावीच लागते. विषय तुझाच आहे, म्हणजे आकडे बघून कंपनी धड आहे की पोकळ हे ओळखायचं. आकडे मिळवायचा प्रश्न आता उरलेला नाही. आमच्या ऑफिसात संगणकावरच्या शीटच्या वरच्या पट्टीत एक जादा बटण बसवलेलं आहे, त्याला ॲड-इन म्हणतात. रकान्यात कंपनीचा कोड टाकायचा, बटण दाबायचं, की दहा वर्षांची विक्री, नफा, कर्ज, उधारी, सगळं आपोआप येऊन बसतं. तू हे जन्मभर जाडजूड वार्षिक अहवालांतून पेन्सिलीने उतरवलंस, मला दहा सेकंदांत मिळतं. पण खरं सांगू का मावशी, आकडे येऊन बसतात आणि मी नुसती त्यांच्याकडे बघत बसते. ते तुझ्याशी बोलतात, माझ्याशी बोलत नाहीत.

ती पंख्यांची कंपनी आठवते. सगळे त्यात पैसे घालत होते आणि तू एकटी नाही म्हणालीस. ऑफिसात तुला वेड्यात काढलं. दीड वर्षात कंपनीला टाळं लागलं. तुला कसं कळलं? ते मला शिकव. मी मठ्ठ आहे असं धरून, अगदी पहिल्यापासून.

तुझी,
खारूताई

१२ जून

प्रिय खारूताई,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा शुद्धलेखनासाठी, तिसऱ्यांदा पुन्हा आनंदाने. लहानपणी उशीखाली, बुटात, माझ्या पर्समध्ये बिस्किटं साठवून ठेवायचीस म्हणून तुला हे नाव पडलं. आता आकडे साठवायला लागलीस, बरं झालं. आकड्यांना मुंग्या लागत नाहीत.

आधी एक गोष्ट पक्की कर. पैसा कोणाचा आहे ते विसरायचं नाही. आमच्या निधीत परिचारिकांच्या पेन्शनचा पैसा आहे. आयुष्यभर रात्रपाळ्या करून त्यांनी तो महिन्या-महिन्याने भरलाय. साहेब मला विचारतात, अमुक कंपनीत घालू का. मी हो म्हटलं आणि ती बुडाली, तर साहेबांचं काही जात नाही, माझंही नाही. ज्या बाईचे गुडघे गेलेत तिचं जातं. मी रोज सकाळी कपाटामागच्या टेबलाशी बसते, पेन्सिलीला टोक करते आणि एवढं मनाशी म्हणते. बाकी सगळं नंतर.

आता पंख्यांची कंपनी. अहवाल मागून वाचायचा. पुढे फोटो असतात, अध्यक्ष हसत असतात. मागे बारीक अक्षरात टिपा असतात, खरं तिथे लिहिलेलं असतं. पंखेवाल्यांची विक्री दर वर्षी वाढत होती. मी मागे जाऊन बघितलं, माल घेतोय कोण? मालकाच्या मेहुण्याची कंपनी, मालकाच्या बायकोची कंपनी, मालकाच्या चुलतभावाची कंपनी. बिलं फाटतात, विक्री फुगते, नफा दिसतो, आणि पैसा काही येत नाही. याला मी ‘माहेरची विक्री’ म्हणते, कारण माहेरी दिलेल्या वस्तूचे पैसे कोणी मागायला जात नाही. हे नाव ऑफिसात कोणाला माहीत नाही, नाहीतर हसतील. तुझ्यापुरतं ठेव.

या पत्राखाली कार्बन घातलाय. हसू नकोस. एकतीस वर्षांत जे जे लिहिलं त्याची प्रत माझ्याकडे आहे. तुझी आई म्हणते, हिला बघायला आलेल्यांना पाठवलेल्या नकारांच्याही कार्बन प्रती असतील. आहेत.

परीक्षा कधी आहे ते कळव. आणि विचारत राहा. मला वाटलं होतं, मी निवृत्त झाले की हे सगळं माझ्याबरोबरच रद्दीत जाईल.

तुझी,
मावशी

१ जुलै

प्रिय मावशी,

तुझं पत्र म्हणजे खजिना आहे. मी ते पाठ केलंय. माहेरची विक्री तर डोक्यातून जातच नाही.

पण परीक्षेत गोष्टी सांगून चालत नाही गं, आकडा लागतो. उधारी किती दिवसांची झाली की लाल खूण करायची? कर्ज किती झालं की? आणि मुख्य म्हणजे माहेरची विक्री एकूण विक्रीच्या शंभरात किती झाली की तू पेन्सील खाली ठेवतेस? तुझ्या मनात एक मर्यादा नक्की असणार. सगळ्या मर्यादा एका कागदावर, एकाखाली एक लिहून पाठवशील का?

आणखी एक. आईचं ऑपरेशन १८ जुलैला ठरलं, तुला तिने सांगितलंच असेल. नेमकी त्याच दिवशी माझी परीक्षा आहे. मी खूप प्रयत्न केला, तारीख बदलत नाही. तू जाशील का तिच्याजवळ? तू असलीस की तिला माझी आठवणसुद्धा येणार नाही. मला फार वाईट वाटतंय.

तुझी,
खारूताई

१८ जुलै, दवाखान्यातून

प्रिय खारूताई,

आधी आईचं. ऑपरेशन नीट झालं. दोन तास लागतील म्हणाले होते, साडेतीन लागले, तेवढ्यात माझं जे व्हायचं ते झालं. आता ती झोपली आहे. गुंगीत तिने दोनदा तुझं नाव घेतलं आणि एकदा दूधवाल्याचं. आठवण येणार नाही म्हणालीस ते काही खरं नाही.

इथली मोठी सिस्टर फार चांगली आहे. ताईला आत नेताना तिचा हात सोडला नाही. मी बाहेर रडत होते तर मला दटावून खाली बसवलं आणि पाणी दिलं. बोलता बोलता कळलं, तिची तीन वर्षं राहिलीत, पेन्शन आमच्याच निधीतून. मी कोण ते तिला सांगितलं नाही. उगाच लाजल्यासारखं झालं.

तुझा कागद. मांडीवर पॅड ठेवून लिहितेय, अक्षर समजून घे. उधारी नव्वद दिवसांच्या वर गेली की लाल. कर्ज स्वतःच्या भांडवलाच्या दीडपट झालं की लाल. माहेरची विक्री शंभरात पंधराच्या वर गेली की लाल, मग बाकी सगळं कितीही गोड असो. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या दोन कोणत्याही पुस्तकात सापडतील, तिसरी मी ठोकरा खाऊन शिकले.

हो, इथेसुद्धा कार्बन आणलाय. सिस्टर विचारत होती, काळा कागद कशाला. म्हटलं, सवय.

आज तुझा पेपर. दिवसभर अर्धं लक्ष तिकडेच होतं. कसा गेला ते लगेच कळव.

तुझी,
मावशी

१० ऑगस्ट

प्रिय मावशी,

घाईत लिहितेय. पास झाले. बढती मिळाली, पगारही वाढला. आईशी फोनवर बोलते रोज.

तुझ्यासाठी टेबलावरचा एक दिवा पाठवलाय. कपाटामागे अंधार असतो म्हणायचीस ना. नाही म्हणू नकोस, तू शिकवलंस त्याची ही छोटीशी भरपाई समज.

काम फार वाढलंय, पत्रं कमी होतील. रागावू नकोस.

खारूताई

२५ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

दिवा पोचला. इतका महाग कशाला? पण उजेड छान पडतो, बारीक टिपा आता भिंग न घेता वाचता येतात. तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहितेय. थोडा सल्ला हवाय, आणि आता तू माझ्या पुढे गेलीस म्हणून तुझ्याकडेच मागते.

आमच्याकडेही तुमच्यासारखं ॲड-इन आलं. दोन जण येऊन बसवून गेले. मी नाक मुरडायचं ठरवूनच बसले होते, पण खोटं का बोलू, मला आवडलं. कोड टाकला, बटण दाबलं आणि दहा वर्षांचे आकडे बदाबदा येऊन पडले. शेवटी एक चौकोन आहे, त्यात हिरवं किंवा लाल येतं. मी माझ्या जुन्या कंपन्या घालून बघितल्या. ज्यांना मी नाही म्हटलं होतं त्या बहुतेक लाल, हो म्हटलेल्या हिरव्या. पंखेवाल्यांचे जुने आकडे घातले तर लालभडक. वाटलं, जगात कुठेतरी आणखी एक माणूस अगदी माझ्यासारखा विचार करतो, आणि एकतीस वर्षं आम्ही एकमेकांना भेटलो नाही.

फक्त कुलुपांची कंपनी हिरवी दाखवते. मला ती कधीच आवडली नव्हती. तिचा यंदाचा अहवाल माझ्यापर्यंत आलेला नाही, पण यंत्र बरी म्हणतंय तर माझंच चुकत असेल. साहेब १ नोव्हेंबरला निधीतली मोठी रक्कम तिच्यात घालणार आहेत.

आता मुख्य गोष्ट. काल साहेबांनी बोलावून सांगितलं की ३१ डिसेंबरनंतर माझी जागा राहणार नाही. माझी दोन वर्षं उरली होती. म्हणाले, तुम्ही जे करता ते आता शीट करतं, तेवढं कपाट रिकामं करून द्या. मी बरं म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. दुपारचा डबा तसाच परत आला.

हे शीट मला नीट शिकवशील का? मी ते चालवायला शिकले तर कदाचित ठेवतील. साठीच्या आत-बाहेरची बाई शिकू शकते की नाही? तुमच्या ऑफिसात आहे ते हेच का? कंपनीचं नाव पडद्यावर कुठे दिसत नाही.

तुझी,
मावशी

६ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

वाचून फार वाईट वाटलं. पण एका परीने बरंच झालं असं समज. किती वर्षं त्या कपाटामागे बसणार? आईकडे जाऊन राहा, तिलाही सोबत होईल. तू पुष्कळ केलंस.

आमच्याकडचं ॲड-इन वेगळं आहे. शीट तुझ्यासारखा विचार करतं याचं नवल नको वाटून घेऊस. या पद्धती सगळ्यांनाच माहीत असतात, पुस्तकांत असतात. तुला एकटीलाच माहीत होत्या असं थोडंच आहे?

शिकायचं मनावर घेऊ नकोस, उगाच डोळ्यांना त्रास. आणि उजवीकडे जे रकाने लपवून ठेवलेत ते चुकूनही उघडू नकोस. सूत्रं बिघडतात आणि मग दोष तुझ्यावर येईल.

काळजी घे.
खारूताई

१७ ऑक्टोबर

खारूताई,

उजवीकडे लपवलेले रकाने आहेत हे मला माहीत नव्हतं. मी तुला तसं लिहिलंही नव्हतं. माझ्या पत्राची प्रत काढून दोनदा बघितली.

दुसऱ्या दिवशी लवकर गेले. अक्षरांच्या ओळीत क नंतर एकदम ट असावा तसे मधले रकाने गायब होते. उघडायला दोन मिनिटं लागली. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर मराठीत लिहिलंय, माहेरची विक्री. खाली मर्यादा, पंधरा.

ते नाव मी जगात फक्त एका माणसाला सांगितलं होतं.

तू दिलेला दिवा चालू होता. मग वाटलं, कदाचित तू कोणाला सहज बोलली असशील आणि त्या माणसाने उचललं असेल. तुझ्या बाजूने मी जेवढा विचार करता येईल तेवढा केला. मग साहेबांना विचारलं की हे शीट कोणी दाखवायला आणलं होतं. ते म्हणाले, एक हुशार मुलगी आली होती जुलैमध्ये, तुम्ही रजेवर होतात तेव्हा. तुमच्याच टेबलावर बसून दाखवलं तिने. खाली फाटकाशी येणाऱ्यांची वही असते. १८ जुलै, सकाळी साडेदहा. नाव वाचायची गरजच नव्हती. ते अक्षर मी तुझा हात धरून गिरवून घेतलंय.

साडेदहाला ताईला आत नेलं होतं. मी तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या खोलीबाहेर रडत होते आणि तू माझ्या खुर्चीत बसली होतीस. परीक्षा नव्हतीच. वर मी दिवसभर तुझ्या पेपरची काळजी केली.

पद्धत घेतलीस त्याचं मला एवढं नाही. मागितली असतीस तर कपाटासकट दिली असती. तू म्हणाली असतीस, मावशी, आम्ही असं असं बनवतोय, तुझी जागा जाईल, तरी सांगशील का, तर मी चार दिवस फुरंगटले असते आणि सांगितलं असतं, हे तुला माहीत होतं. तरी तू खोटं बोलून काढून घेतलंस. आणि माझी जागा जाणार हे माहीत असून मला दिवा पाठवलास. त्याच दिव्याच्या उजेडात मी तुला मदत मागणारं पत्र लिहिलं, याचीच मला सगळ्यात लाज वाटते.

आता कामाचं. पंधरा चूक आहे. माझी मर्यादा पाच आहे, पहिल्यापासून पाच. दवाखान्यातल्या पत्राची प्रत काढून बघितली, पंधराच लिहिलंय. त्या दिवशी साडेतीन तास माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, चूक झाली. तू ती न तपासता तशीच उतरवलीस. कुलुपांच्या कंपनीची माहेरची विक्री शंभरात अकरा आहे. म्हणून ती हिरवी दिसते.

मी साहेबांना म्हटलं, ही लाल हवी. ते हसले. म्हणाले, खुर्ची जातेय म्हणून शीटवर राग काढू नका, ज्यांनी बनवलं त्यांनी लिहून दिलं तर बघू. तर तू लिहून दे. तीन ओळी पुरेत. मर्यादा पाच हवी होती, पंधरा चुकून पडली, खाली सही. माझं नाव नको. १ नोव्हेंबरच्या आत. त्या सिस्टरचा पैसा आहे तो.

मावशी

२४ ऑक्टोबर

मावशी,

माझं चुकलं. किती वेळा लिहू? चार महिन्यांत काही करून दाखवलं नाही तर नोकरी जाणार होती. घराचे हप्ते आहेत. मी एकटी आहे इथे. तुझ्या ऑफिसला विकायचं हे माझ्या वरच्यांनी ठरवलं, मी नाही. मला वाटलं होतं, ते शीटही घेतील आणि तुलाही ठेवतील.

पण लिहून देणं शक्य नाही. मर्यादा मी अभ्यास करून काढल्या असं मी इथे सांगितलंय. आता चुकली म्हटलं तर विचारतील की आली कुठून, मग सगळंच बाहेर येईल. जानेवारीत नवी आवृत्ती निघेल, तेव्हा मी गुपचूप पाच करते. अकरा आणि पाचात इतका फरक असतो का गं? प्रत्येक वेळी कंपनी बुडतेच असं नाही.

एक विनंती आहे. त्या कार्बन प्रती फाडून टाक. आणि आईला काही सांगू नकोस, तिची तब्येत अजून नाजूक आहे. तू मला लहानपणापासून सांभाळलंस, एवढं एक सांभाळ.

तुझी,
खारूताई

२ नोव्हेंबर

तुझं पत्र मिळालं. अकरा आणि पाचात किती फरक असतो ते मी तुला जूनमध्ये लिहिलं होतं, पैसा कोणाचा आहे ते सांगताना. पाठ केलंय म्हणाली होतीस.

परवा मी १८ जुलैच्या पत्राची कार्बन प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. शेजारी गेल्या एकतीस वर्षांच्या प्रतींची फाइल ठेवली, तिच्यात सगळीकडे पाच आहे. सांगितलं, या शीटमधली मर्यादा माझ्या पत्रातून गेली आहे आणि पत्रात मी चूक केली आहे. चूक माझी, म्हणून दुरुस्तीही माझ्या सहीने. साहेब बराच वेळ वाचत होते. कुलुपांच्या कंपनीत पैसे जाणार नाहीत. मर्यादा त्याच दिवशी पाच झाली, त्यांनी समोर बसून करून घेतली.

माझ्या सेवापुस्तकात एक लाल शेरा पडला, हलगर्जीपणाचा. एकतीस वर्षांतला पहिला. ३१ डिसेंबर आहे तसाच राहिला.

पत्र कोणाला लिहिलंय ते साहेबांनी विचारलं. वर फक्त प्रिय खारूताई एवढंच आहे. ही कोण, म्हणाले. मी म्हटलं, आमच्या घरात एक लहान मुलगी होती. त्यांनी पुढे विचारलं नाही. तेव्हा तुझी नोकरी शाबूत आहे.

ताईला मी काही सांगितलेलं नाही. तिला फोन करत जा. दिवा वेगळ्या पार्सलने पाठवलाय, काचेला जप.

या पत्राखाली कार्बन घातलेला नाही.